पंक आणि पंकज

चिखलाविषयी आपल्या भाषेचे मत पहिल्यापासूनच वाईट आहे. कोणाची निंदा करावयाची तर आपण चिखलफेक करतो. नीचाशी वाद घालू नये हे सांगताना, चिखलात दगड टाकल्यास शिंतोडे आपल्याच अंगावर उडतात असा दाखला देतो. आणि एखाद्या दरिद्री घरात गुणी मूल निपजले म्हणजे चिखलात कमळ उगवले असे म्हणून मुलाची स्तुती व आईबापांचा अपमान एका दमात उरकतो. संस्कृत कवींनी कमळास पंकज म्हटले, त्यात पंकाला निदान जनकत्वाचा मान होता. परंतु तो नावापुरताच. पंकजाची उपमा मुखाला, नेत्रांना, चरणांना देऊन झाली. पंकाकडे वळून पाहण्याची गरज कोणास भासली नाही. आमचा व्यवसाय रसायनशास्त्र शिकविण्याचा असल्यामुळे म्हणा, किंवा पन्नाशीनंतर माणसाची दृष्टी आपोआप खाली वळते म्हणून म्हणा, गेली काही वर्षे आम्ही ह्या पंकाकडे जरा निरखून पाहू लागलो आहो. हवेतील अदृश्य वायू धरून त्याचे अन्न करण्याची जी विद्या कमळाच्या पानात आहे, ती मूळची चिखलपाण्यातील क्षुद्र जीवांची असून कमळाने ती उसनी घेतली आहे, असे आमचे मत बनले आहे. उसनी हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजीत नाही. त्याचा पुरावा पुढे येईल.

आमच्या अभ्यासिकेच्या पूर्वेकडील खिडकीत लोणच्याची एक मोठी काचेची बरणी उभी आहे. तीत नदीकाठचा काळा चिखल, वर्तमानपत्राचे कपटे, थोडी चुनखडीची पूड आणि जिप्सम एवढे कालवून वर नदीचेच पाणी घातले आहे. ह्या प्रयोगाची मूळ कल्पना सर्जी विनोग्राडस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाची, १८८० नंतरच्या दशकातली. पुष्कळ पाठ्यपुस्तके गंधकासाठी अंड्याचा बलक घालावयास सांगतात. आमच्या घरी अंडे येत नाही, म्हणून आम्ही जिप्सम घेतला. पहिल्या पंधरवड्यात त्या बरणीस कुजक्या अंड्यांचा असा काही वास सुटला की, ह्यापेक्षा अंडे परवडले असते, असे सौभाग्यवतींनी स्पष्ट सांगितले.

दोन महिन्यांनी मात्र त्या बरणीकडे पाहणाऱ्याचे मत बदलते. तळाशी काजळासारखा काळा थर. त्यावर शेवाळी हिरवा. त्यावर कोकमाच्या आगळासारखा जांभळट तांबडा. मग गंजाच्या रंगाची एक फिकट पट्टी. आणि अगदी वर, पाण्याच्या पृष्ठाशी, गर्द हिरवी साय. हे रंग आम्ही भरलेले नाहीत. ते जीव चिखलात आधीच होते. बरणीने त्यांस आपापली जागा शोधावयास सवड दिली, इतकेच. तळाशी कागद कुजतो, आणि तेथील जंतू जिप्सममधील गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड हा दुर्गंधी वायू तयार करतात. तो खालून वर चढतो. प्राणवायू वरून खाली झिरपतो. उजेड बाजूने येतो. ज्यांस उजेड व हा दुर्गंधी वायू दोन्ही हवे, पण प्राणवायू मुळीच सोसत नाही, ते हिरवे गंधकजंतू खाली बसतात. प्राणवायूची थोडी झुळूक ज्यांस चालते ते जांभळे त्यांच्यावर. आणि ज्यांस दुर्गंधीशी कर्तव्य नाही, पाणी आणि ऊन पुरते, ते निळे-हिरवे जंतू, शास्त्रात ज्यांस सायनोबॅक्टेरिया म्हणतात, ते सर्वांच्या वर. जुन्या पंगतीतही पाने इतक्या काटेकोरपणे मांडली जात नसत.

ह्या तिन्ही थरांतील जीवांचा धंदा मात्र एकच. आजची मुले ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात, आणि जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्यास कर्बद्विप्राणिद असे भारदस्त नाव असे, तो वायू (आपण त्यास सोयीसाठी कर्बवायू म्हणू) धरावयाचा आणि उजेडाच्या बळावर त्यातील कर्बाचे अन्न करावयाचे.

आम्ही दरवर्षी नव्या वर्गास एक प्रश्न घालतो. झाड कर्बवायू घेते व प्राणवायू सोडते. तर हा सोडलेला प्राणवायू आला कोठून? बहुतेक सारा वर्ग एकमुखाने उत्तरतो, कर्बवायूतून. बोहारणीच्या व्यवहारासारखा हा हिशेब मनास चटकन पटतो. जुने लुगडे दिले, पातेले आले. कर्बवायू घेतला, त्यातला कर्ब ठेवून घेतला, प्राणवायू परत केला. मुलांना हसण्याचे कारण नाही, कारण विसाव्या शतकाची पहिली तीन दशके मोठमोठे रसायनशास्त्रज्ञही असेच समजत होते. हा समज हलविला तो आमच्या बरणीतल्या मधल्या दोन थरांनी.

हॉलंडातील डेल्फ्ट येथे शिकून कॉर्नेलिस व्हॅन नील हे १९२९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात, पॅसिफिक ग्रोव्ह येथील सागरी प्रयोगशाळेत आले. त्यांनी जांभळे व हिरवे गंधकजंतू निवडून वाढविले आणि त्यांच्या देण्याघेण्याचा काटेकोर हिशेब मांडला. हे जंतू उजेडात कर्बवायू धरतात, परंतु प्राणवायूचा एक बुडबुडाही सोडीत नाहीत. उलट जांभळ्यांच्या अंगात आणि हिरव्यांच्या अंगाबाहेर गंधकाचे कण साठतात. पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड ह्यांची घडण सारखीच आहे: दोहोंत हायड्रोजनचे दोन अणू, एकात ते प्राणवायूशी बांधलेले, दुसऱ्यात गंधकाशी. जंतूंस हवा असतो तो हायड्रोजन. तो काढून घेतला की मागे उरतो गंधक. मग झाडाने पाण्यातून हायड्रोजन काढून घेतला तर मागे काय उरावे? प्राणवायू. व्हॅन नील यांनी १९३१ मध्ये आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९३७ मध्ये केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी पानांतून काढलेले हरितकण कर्बवायूच्या मदतीवाचूनही उजेडात प्राणवायू सोडतात असे दाखविले. आणि १९४१ मध्ये बर्कले येथे सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमेन व त्यांचे सहकारी यांनी जड प्राणवायूची खूण केलेले पाणी वापरून प्राणवायू पाण्यातलाच, ह्या मतास भक्कम आधार दिला. आपण ह्या क्षणी जो श्वास घेत आहो तो पाण्याचा उरलेला भाग आहे, हे मनुष्यास प्रथम सुचले ते दुर्गंधीत राहणाऱ्या, स्वतः प्राणवायू न सोडणाऱ्या जंतूंकडे पाहून.

उजेडाचे काम येथे संपते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उजेडाने हायड्रोजन मिळवून दिला, पेशीस खर्चावयास शक्ती दिली; कर्बवायू धरण्याचे खरे काम पुढे रसायनांच्या एका फेऱ्यात होते, आणि त्यात उजेडाचा प्रत्यक्ष हात नाही. हा फेरा उलगडावयास कर्बाच्या अणूवर खूण करण्याची युक्ती हवी होती. रुबेन व केमेन यांनीच १९४० च्या फेब्रुवारीत कर्ब-१४ हा दीर्घकाळ टिकणारा किरणोत्सर्गी प्रकार शोधून ती उपलब्ध केली. १९४३ मध्ये रुबेन प्रयोगशाळेतील विषारी वायूच्या अपघातात तिशीच्या आत वारले. १९४४ मध्ये केमेन यांस युद्धकाळातील संशयावरून प्रयोगशाळेतून काढण्यात आले, आणि तो संशय पुढे निराधार ठरला. काम मेल्विन कॅल्विन यांच्याकडे गेले. त्यांनी व अँड्र्यू बेन्सन, जेम्स बॅशम प्रभृतींनी हिरव्या शेवाळपेशींस खुणेचा कर्बवायू काही सेकंद पाजून त्या उकळत्या मद्यार्कात मारावयाच्या आणि खूण कोणत्या द्रव्यापर्यंत पोचली हे पाहावयाचे, असे करीत १९५४ पर्यंत सारा फेरा जुळविला. १९६१ चे नोबेल पारितोषिक एकट्या कॅल्विन यांस मिळाले. पंकज कोण आणि पंक कोण हे ठरविण्याची रीत विद्वानांच्या जगातही फारशी निराळी नाही.

ह्या फेऱ्याचे मर्म आमच्या मते मराठी घरातील स्त्रियांस प्राध्यापकांहून लवकर कळेल, कारण तो विरजणाचा व्यवहार आहे. दुधाचे दही व्हावयास आधी थोडे दही हाताशी असावे लागते. तसेच कर्बवायूस धरावयास पेशीजवळ पाच कर्बांची एक साखर आधीच तयार असावी लागते. तिच्याशी कर्बवायूचा एक कण जोडला की सहा कर्ब होतात, आणि लगेच त्यांचे तीन-तीन कर्बांचे दोन तुकडे पडतात. तीन वेळा असे झाले की सहा तुकडे हाती येतात. पैकी पाच तुकडे, म्हणजे पंधरा कर्ब, पुन्हा जोडून पाच कर्बांच्या तीन साखरा करावयाच्या, म्हणजे उद्याच्या विरजणाची सोय झाली. एक तुकडा उरतो, तीच काय ती कमाई. सहांतले पाच परत विरजणाला! जी गृहिणी दह्याची इतकी मोठी वाटी रोज बाजूस काढून ठेवील तिला घरची मंडळी कंजूष म्हणतील. परंतु गव्हाचा प्रत्येक दाणा, उसाचे प्रत्येक कांडे आणि सागाची प्रत्येक तुळई ह्या उरलेल्या एका तुकड्यावर उभी राहिली आहे.

कर्बवायूचा कण साखरेशी प्रत्यक्ष जोडणारे जे विकर आहे त्यास रुबिस्को म्हणतात. हे नाव १९७९ मध्ये एका वृद्ध संशोधकाच्या निवृत्तीच्या प्रसंगी, एका बिस्किटे करणाऱ्या कंपनीच्या नावाची नक्कल करून, थट्टेने पडले व तेच रूढ झाले. हा पृथ्वीवरील सर्वांत महत्त्वाचा कारकून. परंतु त्याच्या कामाची तऱ्हा पाहिली तर कोणत्याही कचेरीत त्यास बढती मिळाली नसती. एका सेकंदात तो जेमतेम तीन ते दहा कण हातावेगळे करतो; त्याच पेशीत कर्बवायूचीच उठाठेव करणारे दुसरे एक विकर सेकंदास लाखांनी कण निकालात काढते. बरे, हळू तर हळू, पण अचूक असावे, तेही नाही. कर्बवायू समजून हा मधूनमधून प्राणवायूच धरतो. साध्या झाडांच्या पानांत, साधारण उन्हाळी हवेत, तीन-चार वेळा बरोबर धरले की एकदा चुकते. आणि ती चूक निस्तरताना पेशीस आधी धरलेला काही कर्ब पुन्हा हवेत सोडावा लागतो.

ह्या कारकुनास दोष देण्यापूर्वी त्याची नेमणूक केव्हा झाली हे पाहिले पाहिजे. ती झाली त्या काळी हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. ओळखीचा प्रश्नच नव्हता. दारात येणाऱ्यांत गोंधळ होण्यासारखा दुसरा कोणी नव्हता. मग निळ्या-हिरव्या जंतूंनी पाणी फोडण्याची कला साधली, आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला. त्याच घराण्याने सोडलेल्या कचऱ्यामुळे घरचा जुना नोकर गोंधळला. येथे एखाद्या उतावळ्या मालकाने नोकर बदलला असता. ह्या जंतूंनी नोकर ठेवला आणि त्याची खोली बदलली. त्यांच्या पेशीत मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढ्या वीस पैलूंच्या प्रथिनांच्या डब्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या १९५६ मध्येच दिसल्या होत्या. त्यांत रुबिस्को ठासून भरलेले असते हे १९७३ मध्ये ठरले. पेशी बाहेरच्या पाण्यातून सोड्याच्या रूपातील कर्ब खर्च करून आत ओढते. डबीत शिरल्यावर त्याचा कर्बवायू होतो. आणि कारकुनाभोवती कर्बवायूची अशी दाटी होते की प्राणवायूस त्याच्यापर्यंत पोचण्यास वाटच राहू नये. आमच्या गहू-तांदळाच्या पानांत ही डबी नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तंबाखूच्या पानात तिची एक सोपी आवृत्ती घडवून दाखविली. पण त्यामुळे पीक वाढण्याचा दिवस अद्याप दूर आहे.

बरणीतला खालचा हिरवा थर ह्या कारकुनास मुळी नोकरीसच ठेवीत नाही. आपण जेवलेले अन्न पेशीत ज्या रासायनिक चक्रात भरडले जाऊन कर्बवायू बाहेर पडतो, तेच चक्र हे गंधकजंतू उलट दिशेने फिरवितात आणि कर्बवायू आत ओढून घेतात. जाते उलटे ओढल्याने पिठाचे दाणे झाले, असे कोणी सांगितल्यास आपण त्याच्या कपाळास हात लावून पाहू. इव्हान्स, बुकॅनन व आर्नन यांनी १९६६ मध्ये हे सांगितले तेव्हा त्यांच्यावरही बराच काळ पुष्कळांचा विश्वास बसला नाही. ते खरे होते. ही रीत खर्चात काटकसरीची असल्यामुळे हे जीव अतिशय थोड्या उजेडात भागवितात. काळ्या समुद्रात सुमारे शंभर मीटर खोलीवर, जेथे आपल्यास मिट्ट काळोख वाटावा, तेथे त्यांची वस्ती आहे.

आता उसनवारीचा पुरावा. पानातील हिरवा रंग पेशीभर पसरलेला नसतो; तो बारीक हरितकणांत असतो. हे कण दुभागून वाढतात, पेशी त्यांस नव्याने घडवू शकत नाही. ते मूळचे स्वतंत्र जीव असावेत, असे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मेरेश्कोव्हस्की यांनी १९०५ मध्ये मांडले व ते हसण्यावारी गेले. १९६७ मध्ये लिन मार्गुलिस यांनी तोच विचार पुन्हा उभा केला. आणि हरितकणात स्वतःचे, निळ्या-हिरव्या जंतूंशी जुळणारे आनुवंशिक द्रव्य असल्याचे सिद्ध झाल्यावर वाद मिटला. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने एक निळा-हिरवा जंतू गिळला, पण तो पचविला नाही; आत ठेवून घेतला. वड, पिंपळ, तुळस, दूर्वा, सर्वांच्या पानांत त्या भाडेकरूची प्रजा राहते आहे. घरमालकाचे नाव वनस्पती. घरात कमावणारा तो.

आणि ज्यांनी घर केले नाही ते समुद्रात आहेत. १९८५ च्या सुमारास सॅली चिझम व रॉबर्ट ओल्सन यांनी समुद्राच्या पाण्यातील कण एकेक करून मोजणारे यंत्र बोटीवर नेले, तेव्हा त्यांस इतके बारीक हिरवे कण आढळले की प्रथम ते यंत्राचा दोष वाटावेत. १९८८ मध्ये ह्या जीवाची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे त्याचे नाव प्रोक्लोरोकोकस पडले. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. आणि उष्ण समुद्रातील पाण्याच्या एका थेंबात हजारोंनी. उजेडावर जगणाऱ्या जीवांत संख्येने पृथ्वीवर हाच पहिला. मनुष्य हजारो वर्षे ज्या पाण्यातून गलबते हाकीत होता, त्या पाण्यातील सर्वांत मोठी प्रजा त्यास विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दिसली नव्हती. पृथ्वीवर दरसाल जेवढा कर्ब धरला जातो त्यातला सुमारे निम्मा समुद्रात धरला जातो, आणि त्यात ह्या अतिसूक्ष्म मंडळींचा वाटा मोठा आहे.

इतके वाचल्यावर वाचकाच्या मनात जो प्रश्न येईल तोच घेऊन आमचा एक जुना विद्यार्थी दीड वर्षापूर्वी आमच्या घरी आला. हवाई बेटातील माउना लोआ पर्वतावर १९५८ पासून हवेतील कर्बवायू मोजतात. तेव्हा दशलक्षात सुमारे ३१५ भाग होता, २०२४ ची सरासरी ४२० च्या वर गेली. जे जीव धरण्यात इतके निष्णात, त्यांच्याच हवाली हा कर्बवायू का करू नये? मुलगा हुशार, नोकरी सोडलेला, कर्ज काढलेला, गाव लोणारपासून काही कोसांवर. लोणारच्या सरोवराचे खारे पाणी स्पिरुलिना नावाच्या निळ्या-हिरव्या जंतूने हिरवे होते, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. (२०२० च्या जूनमध्ये ते सरोवर गुलाबी झाले व लोकांनी बरेच तर्क लढविले. ते रंग मिठात राहणाऱ्या निराळ्याच जीवांचे होते, असे पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासात दिसून आले; ते जीव दुसऱ्याने कमावलेल्या अन्नावर जगतात.) त्याने टाकी बांधून स्पिरुलिना वाढविली होती. आता मोठ्या टाक्या बांधावयाच्या, औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांतील कर्बवायू त्यांत सोडावयाचा, आणि हवा स्वच्छ करावयाची, असा त्याचा बेत होता. आमच्याकडे त्याची दोन मागणी होती: भविष्यनिर्वाहाच्या पैशातून काही रक्कम, आणि त्याच्या पत्रकावर आमच्या सहीने दोन ओळी. पत्रकात ठळक अक्षरांत होते, ‘हवेतील कार्बन कायमचा पकडणारा प्रकल्प’.

पैशाचा विचार आम्ही पुढे ढकलला व कागद-पेन्सिल घेतली. पाचशे मेगावॅटचे कोळशाचे एक संयंत्र पूर्ण भाराने चालले तर दिवसाला दहा हजार टनांच्या घरात कर्बवायू सोडते. उत्तम राखलेल्या टाकीत एका चौरस मीटरमागे दिवसाला वीस ग्रॅम सुका माल निघाला तर चांगला म्हणावयाचा. तेवढ्यासाठी सुमारे छत्तीस ग्रॅम कर्बवायू लागतो. म्हणजे एका हेक्टरास ३६० किलो. दहा हजार टनांस अठ्ठावीस हजार हेक्टर, २८० चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईच्या जवळजवळ निम्म्याएवढ्या टाक्या, आणि त्या एका संयंत्रासाठी. त्यांतून रोज पाचच मिलिमीटर पाणी उडाले तरी १४० कोटी लिटर. बुलढाण्याच्या बाजूस उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल असतात हे त्या मुलास आम्ही सांगावयास नको होते.

तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “सर, मग समुद्र घेऊ. तिथं जागा आहे, पाणी आहे.”

तेही करून पाहण्यात आले आहे. समुद्राच्या काही भागांत बाकी सर्व पोषण असून लोहाची उणीव असते. लोह टाकले की हिरव्या जीवांची वाढ होते. २००९ च्या आरंभी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून दक्षिण महासागरात सुमारे तीनशे चौरस किलोमीटर पाण्यात सहा टन लोह विरघळविले. वाढ झाली, कर्ब धरला गेला; पण ती वाढ बारीक कवचधारी प्राण्यांनी खाऊन टाकली, त्यांस त्यांहून मोठ्यांनी खाल्ले, आणि तळाकडे बुडून दीर्घकाळ दूर राहील असा कर्ब अगदी थोडा निघाला. जंतूंचे काम धरण्याचे. ते त्यांनी केले. राखण्याची जबाबदारी त्यांनी कधीच घेतली नव्हती. प्रोक्लोरोकोकसने सकाळी धरलेला पुष्कळसा कर्ब चार-आठ दिवसांत कोणाच्या तरी श्वासातून पुन्हा मोकळा होतो. अब्जावधी वर्षांत जो थोडका गाळात पुरला गेला आणि राहिला, त्यातलाच काही आपण खनिज तेल म्हणून दीडशे वर्षांत उकरून जाळीत आहो. धरण्याचा वेग वाढवून हा हिशेब मिटेल, असे आम्हांस वाटत नाही. कर्ब जमिनीखाली आहे तेथेच ठेवणे अधिक स्वस्त, हे आमचे साधे मत आहे; ते पत्रकावर शोभण्यासारखे नाही, हेही आम्ही जाणून आहो.

ह्या सर्वांत त्या मुलाचे कर्ज मिटत नव्हते. तो रागावला नाही; रागावला असता तर आम्हांस सोपे गेले असते. तो निघताना सौभाग्यवतींनी त्यास जेवावयास ठेवून घेतले, आणि जेवताना तो फारसे बोलला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही त्याच्या गावी गेलो. टाकी पन्नास चौरस मीटरची, स्वच्छ राखलेली. पाणी पाट्याच्या चटणीसारखे दाट हिरवे. पहाटे ते पाणी फडक्यातून गाळून हिरवा लगदा काढतात, दाबून त्यातले पाणी निपटतात, आणि त्याच्या आई तो सोऱ्यात भरून स्वच्छ चादरीवर शेवया पाडतात. ऊन कडक असले तर त्या दिवसभरात खडखडीत वाळतात. रोज सुमारे अर्धा किलो सुका माल. त्यात निम्म्याहून अधिक प्रथिने. गावच्या शाळेतील काही मुलांना तो भाकरीच्या पिठात मिसळून देण्याचा प्रयोग त्याने चालविला होता, व त्याची नोंद फार चांगली ठेवली होती. आम्ही त्यास सांगितले की, एवढ्यावर आम्ही सही करू. अन्न म्हणून विक, पैसेही देऊ. हवेची ओळ मात्र काढली पाहिजे. अर्धा किलो मालास सुमारे नऊशे ग्रॅम कर्बवायू लागतो. तू एकटा दिवसभरात श्वासावाटे जवळजवळ तेवढाच सोडतोस. आणि हा माल ज्या मुलाच्या पोटात जाईल ते मूल तो पुन्हा हवेस परत करील.

तो हसला. मग टाकीच्या कडेला रचलेल्या खाण्याच्या सोड्याच्या पोत्यांकडे त्याची नजर गेली. स्पिरुलिनेस खारे पाणी लागते म्हणून हा सोडा टाकीत घालावा लागतो, आणि तिच्या अंगातील कर्बाचा मोठा भाग हवेतून न येता त्या पोत्यांतूनच येतो. आम्ही ते बोललो नव्हतो.

“सर,” तो म्हणाला, “सोड्याची पोती हिशेबात धरायची का?”

“अरे, ती सर्वांत आधी.”

तो घरात जाऊन वही घेऊन आला. पोत्यावरचे वजन, वाहतुकीचे अंतर, मोटारीला लागणारी वीज, असे एकेक करीत आम्ही दुपारपर्यंत लिहीत बसलो. पत्रक छापखान्यातून परत मागविल्याचे त्याने तेव्हा सांगितले. दुसऱ्या मसुद्यात हवेचा उल्लेख नाही. प्रथिनांचा आकडा आम्ही तपासून दिला आहे, आणि शाळेतील मुलांची वजने सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावयाची आहेत.